पोच

लोकायुक्त कचेरीत सव्वीस वर्षं
मुचंडीबाईंच्या टेबलाला कुलूप नव्हतं.
दर दिवाळीला साहेबांकडून कुंद्याचा डबा यायचा,
आल्या पावली परत.
सोबत पोच: वजन एक किलो, उघडलेला नाही.
आम्ही हसायचो.

मग मलप्रभेच्या वाळूची चौकशी.
मंत्र्यांचा वकील कानडीत म्हणाला,
बाई, तुम्ही नक्की कुणाकडच्या?
त्यांनी चष्मा पुसला,
कानडीतच म्हणाल्या,
पान एकेचाळीसकडची.

तिसऱ्या दिवशी बदली. बीदर.
खण आवरताना मला सापडल्या
दोऱ्यात ओवलेल्या पोचांच्या स्थळप्रती
आणि कुंद्याचा एक रिकामा डबा.

मी बघतच राहिलो.

तो विकतचा रे, म्हणाल्या,
खडेबाजारातला.
काय परत करतेय
ते एकदा कळायला नको?