तळ

मोटार जळाली की गावाला माझी आठवण येते.
एरवी दुकानाचं शटर अर्धं खाली,
आणि आत, वाइंडिंगच्या टेबलावर, फौज.

पायदळ चार-चार. घोडेस्वार दोन-दोन.
तोफेपाशी तिघं, त्यातला एक वाकलेला.
सनमायकाचे तुकडे, चाळीस मिलिमीटर रुंद,
कोपरे कानशीनं मारलेले,
नाहीतर पेटीतून काढताना बोटात शिरतात.
दस्तगीर टेलर म्हणतो, तळ एका मापाचा हवा,
बखिया वाकडा गेला तर सदरा नाही,
रांग वाकडी गेली तर पलटण नाही.
तो आखतो. मी चिकटवतो.

आधी कोरडेच उभे करायचे,
मागच्याची संगीन पुढच्याच्या पाठीत जातेय का पाहायचं,
मग एकेकाला किंचित वळवायचं.
सगळे नाकासमोर पाहू लागले
की पंधरा ऑगस्ट वाटतो, लढाई वाटत नाही.

मातीसाठी लुनावर अडगावला गेलो.
तुरीचं वावर, सोंगून झालेलं.
धुऱ्यावर द्वारकाबाई भोपळे विळा पुसत होत्या.
"माती? कायले?"
"इथं लढाई झाली होती. अठराशे तीन साली."
"मंग?"
त्या मंगवर मी अजून अडकलेलो आहे.
त्यांनीच ढेकळं फोडून पिशवी भरून दिली,
म्हणाल्या, काड्या निवडून घेजा.

चहाच्या गाळणीनं गाळली, फेविकॉलमध्ये कालवली,
सुरीच्या टोकानं त्यांच्या पायांभोवती सारवली.
सकाळी पाहतो तर सगळ्या तळांना भेगा.
चाळीस मिलिमीटरातही काळ्या मातीनं
आपला स्वभाव सोडला नव्हता.
दस्तगीर पुट्टी आणायला निघाला.
राहू दे म्हटलं,
नोव्हेंबर सरत होता तेव्हा,
जमीन तडकायला लागलीच असेल.

वहीत हिशोब आहे: एक म्हणजे पन्नास.
अरब इतके, तेलंगे इतके, घोडा इतका.
तोफेचे बैल हाकणारे, पखाली वाहणारे,
दाणागोट्याचे तांडे,
त्यांच्यापुढे लिहिलंय, इत्यादी.
इत्यादीला पन्नासनं भागून पाहिलं.
त्यांचे साचे कुणी पाडत नाही,
म्हणून जळक्या मोटारीच्या तांब्याच्या तारेतून
मीच वळले, सोड्याच्या बुचांवर बसवले.
तळाची पुढची कड पांढरी रंगवायची असते,
तोंड कुणीकडे ते कळावं म्हणून.
बुच गोल.
पखालवाल्याला मी कड रंगवलीच नाही.

शुक्रवारी नमाजेनंतर डाव मांडतो.
पहिल्या तोफेलाच कंपनीच्या दोन-तीन पलटणी पळतात,
तो नियम आहे, पुस्तकातही तसंच घडलंय.
पुढे जिंकतातही त्याच.
दस्तगीर दर वेळी भोसल्यांकडून,
अकरा वेळा हरलाय.
बाजू बदल म्हटलं तर म्हणतो,
आपल्या गावात राहून?

बाराव्या डावाला द्वारकाबाई आल्या,
डोक्यावर मोटार, पाच एचपी, काळी ठिक्कर.
उतरवायला हात दिला तरी नजर टेबलावरच.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग: "हे मायं वावर व्हय?"
हो म्हटलं.
"इहीर कुठी हाय?"
"तव्हा नव्हती, बाई."
"इहीर नसन. पानी त होतं ना खाली."

तारेचा पखालवाला त्यांनी चिमटीत उचलला,
घोडदळाच्या बरोब्बर वाटेत
नेऊन ठेवला.

दस्तगीरनं टेप काढला, अंतर मोजलं,
माझ्याकडे पाहिलं,
टेप गुंडाळून गळ्यात टाकला
आणि घोडे वळसा घालून नेले.

"मोटर कव्हा देता?" त्यांनी विचारलं.