काज

हर्षदाने वहीचं पान फाडून
भिंतीवर डकवलं आणि धुळ्याला निघून गेली.
पाचला उठणे. पाच दहा, कोमट पाणी.
साडेपाच, प्राणायाम.
सहा ते नऊ मशीन, मोबाइल बघू नये.
खाली लाल पेनाने: आई, फक्त एकवीस दिवस.

एकवीस दिवसांत साठ फ्रॉक, चाळीस हाफपँटी,
निळ्या चौकड्या, शाळेच्या.
आणि अमळनेरचा मे असा
की दहानंतर पत्र्याखाली
कात्रीची मूठसुद्धा हात झटकते.
सकाळ तेवढी आपली,
पुढचा दिवस उन्हाच्या नावावर.

पहिल्या दिवशी पाचला उठले.
कोमट पाणी झालं. प्राणायामाला
नाकपुडी धरली आणि आठवलं, दळण राहिलंय.
दुसऱ्या दिवशी दळण होतं,
तर सुई ओवण्यात वीस मिनिटं गेली.
दोरा ओला करा, टोक कापा, चष्मा पुसा,
खिडकीशी जा, पुन्हा दोरा ओला करा.
भोक असतं तिथंच असतं,
डोळेच चाळिशीनंतर घर बदलतात.

तिसऱ्या दिवशी, साडेतीनलाच,
सुपडाबाईची गल्लीभर आरोळी:
"पानी उनं वं, पानी उनं!"
आठ दिवसांनी आलेल्या नळाला
वेळापत्रक कोण दाखवणार.
हंडे, बादल्या, कळशा,
मग कुकर, मग पातेली, मग वरणाची वाटीसुद्धा,
आणि उजाडलं तेव्हा मी ओट्यावर,
निथळती साडी, भर उन्हाळ्यात हुडहुडी,
मशीन झाकलेलीच.

"काय वं कोकिळा, रातभर जपनी नही का?"
म्हटलं, एकवीस दिवसांचं आहे.
सुपडाबाईला वाटलं एखादं व्रत.
उद्यापनाला बोलाव म्हणाली.

मग पान काढलं.
फाडलं नाही, पोरीचं अक्षर आहे.
उलटं करून पाठीवर
लहान मापाची कॉलर आखून घेतली.

आता एवढंच करते.
रात्री भांडी पालथी घातली की
बल्बखाली बसून पाच सुया ओवते
आणि ओळीने उशीच्या अभ्र्याला टोचून ठेवते.
दोन बॉबिन भरलेल्या.
कापड मशीनच्या पायाखाली, अर्ध्या शिवणीत थांबलेलं,
म्हणजे सकाळी काय करू असा प्रश्नच नको,
अर्धी शिवण हाक मारतेच.
पाणी आलं तर येवो.
अर्धा तास मिळो, तीन तास मिळोत,
हात घातला की दोरा तयार.

साडेसहाला हे येतात
तेलाच्या गिरणीतून, रात्रपाळी करून,
अंगाला सरकीचा वास, पापण्यांवर बॉयलरची धग.
पूर्वी चहा पिऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे.
परवा मी चुन्या बसवताना बघत राहिले.
तू नाही, ते. तेच बघत राहिले बराच वेळ,
मग इस्त्री हातात घेतली.
म्हणाले, वाफ कधी सोडायची ते मला कळतं.
आणि खरंच, चुन्या अशा बसल्या
की शाळेतल्या बाकावर चार तास बसून
मुलगी उठली तरी मोडायच्या नाहीत.
अकरा फ्रॉक झाले त्यांच्याकडून.
बाराव्यावर डोकं ठेवून झोपले,
मी काढला नाही, उद्या धुऊन टाकेन.

सुरतकडची पॅसेंजर शिट्टी घालून गेली.
पत्रा एकदा कडकन वाजला,
पहिला इशारा. मी तेविसावं काज संपवलं.

रात्री पोरीचा फोन:
आई, आज किती वाजता उठलीस?
म्हटलं, काल रात्री साडेनऊला.
म्हणजे? म्हणाली.
चौथ्या सुईत दोरा जात नव्हता,
म्हणून फोन ठेवला.