छाट

विडी घरकुलात, पाण्याच्या टाकीमागं आमची ब्रँच.
अकराला बाया येतात, टोपल्यांवर फडकं टाकून,
आणि मी मूठभर विड्या उचलतो.
दोरा सैल, तोंड उघडं, पान तिरकं,
की मोडून खाली.
तिला छाट म्हणतात. छाटीला मजुरी नाही.
एकवीस वर्षं झाली.
बाया माझ्या तोंडाकडं बघत नाहीत,
बोटांकडं बघतात.

राजमणी गज्जमची छाट आधी वीस-पंचवीस असायची,
मग साठ,
मग हजारात एकशे वीस.
मी म्हणालो, लक्ष कुठं असतं हल्ली?
लक्ष इथंच आहे साहेब,
दोराच कुठं जातो कळंना.
पुढं तेलुगूत काहीतरी पुटपुटली, रांग हसली.
मी आकडा लिहिला.
वहीत छाटीचा रकाना आहे,
डोळ्याचा नाही.

मग तिच्यासोबत नात येऊ लागली, मानसा,
नववीतली, शाळेच्या ड्रेसवरच.
आजी पान कापायची, पत्र्याची कड बोटानं चाचपत.
नात दोरा बांधायची.
छाट उतरली. मालक खूश.
मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू.
त्या दिवसांत शाळेच्या हजेरीत काय लिहिलं जात होतं
ते आमच्या वहीत येत नाही.

गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात
पालिकेच्या तेलुगू शाळेत डोळे तपासायला माणसं आली.
भिंतीवर अक्षरांचा तक्ता.
राजमणीला अक्षर येत नाही.
बार्शीकडची ती पोरसवदा डॉक्टरीण म्हणाली,
मग विडीच बांधून दाखवा, आजी.
काच बदलली. परत बदलली.
तिसऱ्या काचेला आजी गप्प झाली.
दोन वेढे, एक गाठ, नखानं तोंड बंद.
मग स्वतःच्या हातांकडं बघत बसली.
"एवढे काळे झालेत हे?"

चष्मा दीडशेचा.
आता एकटीनं बांधलेल्या हजारात छाट पंधरा.
हजाराला दोनशे मजुरी धरा,
रोजचे एकवीस रुपये वाचले,
आठव्या दिवशी चष्मा फिटला.
त्यानंतरचं सगळं घरात.
आणि नात वर्गात, तिसऱ्या बाकावर,
त्याची रक्कम कशी काढायची मला येत नाही,
मी दहावी नापास.
वर कुणी देशाचा जमाखर्च मांडत असतील
तर त्यांना एवढंच कळवा,
व्याजाचा हा दर
सोलापुरातल्या कुठल्या पतसंस्थेत नाही.

निघताना डॉक्टरीण म्हणाली, तुम्हीपण बसा.
मला काय झालंय? मी चेकर आहे.
बसा तर.
खालच्या तीन ओळी मला मुंग्यांसारख्या दिसल्या.
हे कधीपासून, तिनं विचारलं.
काय सांगणार?
दुपारनंतर ट्यूबलाइट मंद वाटायची,
मी दोनदा वायरमन बोलावला होता.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून मूठ उचलली.
पानाची शीर न् शीर दिसली,
दोऱ्याचा वेढा न् वेढा.
मी बराच वेळ काही मोडलंच नाही.
राजमणी तिच्या काचेतून माझ्या बोटांकडं बघत होती.
मी माझ्या काचेतून.

रात्री कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या.
चाळीस घरांची मजुरी, माझ्या अक्षरात.
एकशे वीस. नव्वद. एकशे दहा.
यातल्या किती तिच्या डोळ्याच्या
आणि किती माझ्या?
आकडे स्वच्छ दिसतात आता.
वेगळे मात्र करता येत नाहीत.