सत्तावीस अंश

फळ्यांना आधी दोन दिवस खोलीत नुसतं पडू द्यायचं असतं.
लाकूड असो की लाकडासारखं काही,
त्याला तिथली हवा कळावी लागते.
पोंक्षे सरांना हे लगेच पटलं.
एकतीस वर्षं सिमला ऑफिसात
पहाटेचं किमान तापमान वहीत उतरवलेला माणूस.
म्हणाले, "मग तुम्हीही चहा घेऊन सावकाशच करा."

पाषाण, सूस रोडच्या आतल्या बाजूला, तिसरा मजला.
जुनी फरशी खाली तशीच ठेवली.
तिच्यावर फोम, फोमवर काळी फिल्म,
कागदाइतकी पातळ, दोन्ही कडांना तांब्याची पट्टी,
लुगड्याला काठ असावा तशी.
सिकंदर गुडघ्यांवर रांगत टेप लावत होता,
मी मीटर धरून ओहम मोजत होतो,
फळ्या टाकण्याआधी एकदा, टाकल्यावर पुन्हा.
आकडा तोच आला तर खाली सगळं जिवंत आहे.

भिंतीपाशी दहा मिलिमीटर मोकळे सोडले.
"हे कशाला?"
म्हटलं, तापल्यावर फुगतं, जागा नसली तर मधोमध उठतं.
सर हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं.

मग मला दाराशी नेऊन, आवाज उतरवून:
"सत्तावीसच्या वर जाता कामा नये.
लॅमिनेटचं मला ठाऊक आहे. मी हिच्यासाठी म्हणतोय.
साखरेनं तळपाय गेलेत. भाजलं तरी कळायचं नाही."

मी टेस्टर खिशात ठेवला.
मग एवढी उठाठेव कशाला, असं तोंडावर आलं होतं.
विचारलं नाही.
थर्मोस्टॅटला सत्तावीसचं कुलूप घातलं,
सेन्सर दोनदा तपासला.

पंखा लावला की कळतं, गिझर लावला की कळतं.
हे काम असं की झाल्यावर
दाखवायला काही उरतच नाही.
वीस मिनिटं आम्ही तिघं उभे,
पंगत बसायची वाट पाहावी तसे.

शालनबाई वॉकर सोडून, सिकंदरचा हात धरून आल्या.
मोजे काढलेले. खाली बघितलं,
पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसं.
मग मला म्हणाल्या,
"तू चप्पल काढली आहेस ना? सांग, कसं लागतंय?"

सतरा वर्षं वायरी ओढतोय.
ॲम्पिअर सांगू शकतो, बिल किती येईल तेही साधारण.
हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

म्हटलं, "बाई, आत्ताच कुणी उठून गेलंय
आणि त्या जागेवर आपण बसावं ना,
तसं."

त्या काही बोलल्या नाहीत.
सरांचा खांदा धरून, थांबत, कण्हत
खाली बसल्या, चक्क जमिनीवर,
आणि दोन्ही हात फळीवर टेकवले.
तळहात शाबूत होते.
"अगबाई," म्हणाल्या, "कोण उठून गेलं रे?"

जानेवारीत एकदा पहाटे सहाला फोन.
वाटलं, ट्रिप झालं.
"बाहेर सात पूर्णांक नऊ," सर म्हणाले.
"आत सव्वीस. ती खालीच बसलीय, वाटाणे सोलतेय."
आणि ठेवला.

मी वारज्यात, शहाबादीवर अनवाणी,
फोन हातात,
एका पावलावर दुसरं पाऊल ठेवून.