इतर सस्तन प्राणी

बोरकुटे डॉक्टरांच्या नर्सिंग होममध्ये अकरा खाटा
आणि जिन्याखाली माझं टेबल.
पाठीशी लॅबचा फ्रीज,
तो थरथरला की खुर्चीही थरथरते.
दुखणं वर राहतं,
माझ्याकडे त्याची झेरॉक्स येते.

सगुनाबाई गुरनुले, वय अंदाजे बावन्न.
बचत गटाचा विमा.
पहाटे मोहफुलं वेचताना अस्वल.
आधारवर सगुना, रेशन कार्डावर शकुन,
वनरक्षकाच्या पंचनाम्यात शेवंता.
त्याला फोन केला तर म्हणाला, घाईत होतो मॅडम.

यादीत अस्वल नाही.
रस्ता अपघात, घरगुती पडझड, भाजणे,
खाली, अजून खाली, डब्ल्यू पंचावन्न :
इतर सस्तन प्राण्यांचा चावा वा धडक.
सस्तन.
हा शब्द मी शाळेनंतर पहिल्यांदा वापरला.

दुपारी क्वेरी.
रुग्णाचा चेहरा स्पष्ट नाही, फोटो पुन्हा पाठवा.
चेहरा पट्टीखाली आहे, मी लिहिलं.
चेहरा पाठवा, त्यांनी लिहिलं.

अंगठा लावला, मशीन नाही म्हणालं.
चाळीस वर्षांच्या रोवणीत
बोटांवरच्या रेघा कुठल्या बांधीत राहिल्या
तिलाही सांगता येईना.
व्हॅसलीन लावलं, लिंबू चोळलं,
शेवटी सेतू केंद्रातल्या चेतन लोनबलेकडून
डोळ्याचं यंत्र मागून आणलं.
उजवा डोळा सुजून बंद.
डावा तिनं एवढा मोठा उघडला
की मीच मागे सरकले.
हिरवी टिक.

"बाई, लिवलं का?"
काय?
"तिच्या संगं दोन पिल्लं होते. मीच मंधात आलो."

शेऱ्याला शंभर अक्षरं, मराठी चालत नाही.
मी रोमन लिपीत पिल्लं लिहिली.
लाइन गेली होती, गच्चीवर चढून
मोबाइल पाण्याच्या टाकीवर ठेवला
आणि रेंज आली तशी पाठवली.
दुसऱ्या दिवशी उत्तर :
अनावश्यक माहिती, काढून टाका.
काढली.

सहाव्या दिवशी मंजुरी.
कापूस, हातमोजे, नोंदणी फी वजा,
सहाशे बारा रुपये पेशंटने भरावेत.
सगुनाबाईनं कागद उलटासुलटा करून पाहिला.
"हे हातमोजे कोनं घातले होते?"
डॉक्टरांनी.
"मंग त्याईलेच मागा ना."
आत डॉक्टर उगाच खोकले.

पदराच्या गाठीतून तिनं तीनशे काढले,
एकेक नोट टेबलावर सरळ केली.
बाकीच्यांबद्दल ती बोलली नाही.
मीही नाही.

दारात थांबली.
"आठ दिवस अजून पडते मोहा," म्हणाली,
"उद्या नाई जमत. परवा जाईन."
चपला शोधू लागली.

मी फाइल बंद करत होते.
स्क्रीनवर चौकट आली :
आर यू शुअर?