वीस किलोखालचं

सोहार बंदराच्या मागच्या फाटकाशी माझी केबिन.
बाहेर साठ टनी काटा. आत मी, एक एसी,
आणि काचेवर लाल आकडे.
चुनखडीचे ट्रक भरलेले येतात, रिकामे जातात;
भरल्यातून रिकामा वजा करायचा,
उरेल तो माल. चिठ्ठी फाडायची.
अकरा वर्षं रात्रपाळीला हेच.

दोन ट्रकांमध्ये चार मिनिटं सापडतात.
चार मिनिटांत एक माळ होते.
माळ म्हणजे बोटांची पेरं,
बारा नवे आठोदरशे, शाळेत घोकलेलं.
तुळशीची खरी माळ खोलीवर, उशीखाली;
इथे आणली तर मणी पांढरे पडतात.

श्रीराम जय राम जय जय राम.
कधी ओठांवर, कधी नुसतं घशात,
कधी कळत नाही, मी म्हणतोय की एसी घरघरतोय.
मध्येच गुडघा येतो, पगाराची तारीख येते,
गावच्या टाकीचा गळका नळ येतो.
मी त्यांना हाकलत नाही.
तेही काट्यावर चढतात, उतरतात.

राजापुरात उषाक्का वही घेऊन बसते.
देवळाने तेरा कोटींचा संकल्प सोडलाय,
दर एकादशीला तिचा फोन: किती झाला रे?
मी सांगतो, ती लिहिते.
माझ्या नावापुढे लिहिते मस्कत.
सोहार, अक्का, सोहार, दोनशे किलोमीटर लांब.
हो हो, मस्कत.

मग ती धुळीची रात्र. फाटक बंद, एक ट्रक नाही,
बारा तास माझे एकट्याचे.
वाटलं होतं, आज शंभर माळा.
एकही झाली नाही.
मोबाइलवर जुनी मॅच पाहिली, झोपलो,
उठून कोरा चहा प्यायलो, परत झोपलो.
सकाळी एकादशी.
तेरा, म्हणालो अक्काला. कालच्या तेरा धर.

त्याच आठवड्यात ठेकेदाराच्या माणसाने
कपाखाली पाच रियाल सरकवले,
दोन टन जास्त दाखव म्हणाला.
मी कप उचलून नोट परत दिली.
हा काटा खोटं बोलत नाही, मी म्हणालो,
आणि माझा आवाज मलाच फार मोठा वाटला.

पहाटे कोणी नव्हतं. मी स्वतः काट्यावर उभा राहिलो.
काचेत उलटे आकडे: ऐंशी.
हेल्मेट काढलं, बूट काढले: साठ.
बुटांचं वजन वीस किलो नसतं.
हा काटा वीसवीसनेच मोजतो,
मधलं त्याला दिसत नाही.
अनवाणी, गार लोखंडावर, कितीतरी वेळ
मी त्या मधल्यात उभा होतो.

फोन केला. अक्का, ते तेरा कमी कर.
पेनने लिहिलंय, ती म्हणाली,
आता खाडाखोड नको. करून टाक.
आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

केले. फिटले असतील. खात्री नाही,
कारण त्या तेरांतही नळ गळत होताच.
पण एक गोष्ट कामामुळे ठाऊक आहे:
पाळी सुरू होताना काटा शून्यावर आणावा लागतो.
रात्रीची धूळ असते, एखादं कबुतर बसलेलं असतं,
काहीच नसताना चाळीस दाखवतो.
काल आणला होता, हे आज चालत नाही.

शेरजमानचा ट्रक वळतोय.
त्याच्या तर्जनीत मोजणीचं यंत्र, अंगठीएवढं,
स्टिअरिंगवर टिकटिकतं.
आम्ही एकमेकांना आकडा विचारत नाही.
तो हॉर्न देतो. मी एकोणऐंशीवर थांबतो.
त्रेचाळीस टन सहाशे. चिठ्ठी फाडून देतो.

ऐंशी.