चेंडूच्या पोटात

आल्डन साहेबानं चेंडू आणला फडक्यात गुंडाळून,
जसं कुणी आजारी कोंबडं आणावं.
मिशनच्या शाळेतला येसुदास संगं, बोलणं जुळवायला.
साहेबाची मराठी पुस्तकातली, माझी जोडेबाजारातली.

असे अजून चार पायजेत, म्हणाला.
मी हातात घेतला. लिंबापेक्षा मोठा, कवठापेक्षा लहान.
वरनं सोनेरी रंग दिलेला, त्याचे पापुद्रे सुटलेले,
आणि रंगावर काळी अक्षरं.
येसुदासनं वाचलं: सन अठराशे चौऱ्याऐंशी, जून.
ह्या कॉलेजचे अकरा. त्या कॉलेजचे नऊ.

अकरा काय? मी इचारलं.
साहेब म्हणाला, घरी आलेले.
चार कोपरे पळत फिरायचं. जे परत घरी पोचतात
तेवढेच मोजायचे. बाकीचे
जिथं उभे असतील तिथं राहतात.

उकलल्याबिगर शिवण कळायची न्हाई, मी म्हणालो.
तिकडं मिलचा भोंगा झाला,
पाळीची माणसं भाकरीची फडकी घेऊन पळाली,
रस्ता परत मोकळा झाला,
तरी साहेब गप्पच.
मग म्हणाला, उकला.
आणि तोंड फिरवून उभा राहिला.

रापीनं टाके तोडले. दोन पाकळ्या निघाल्या
कमरेत बारीक, एकमेकींच्या कुशीत बसलेल्या.
तीस वर्षं कातडं कापतोय,
दोन सपाट तुकड्यांचं गोल होतं, हे कुणी सांगितलं न्हवतं.
आत लोकर. भागू टोक धरून चालत गेली
दारापासनं आडापर्यंत, आडापासनं दारापर्यंत,
तरी सुटतच होती.
शेवटाला रबराची काळी गोळी, जांभळाएवढी.
साहेब त्याच्या भाषेत बराच वेळ काहीतरी बोलला.
येसुदास म्हणाला, एवढंच का, म्हणतात.

रबर मी कुठनं आणू?
भागूच्या पाच सागरगोट्यांतले चार घेतले.
एकानं खेळता येत न्हाई, ती म्हणाली.
खरं होतं. मी घेतले.
लोकर केरबा धनगराची, काळी, दोन पायली जवारीला.
कातडं शेळीचं, तरवडाच्या सालीत कमावलेलं.

शनिवारी किल्ल्याच्या खंदकापलीकडं, माळावर,
चार कोपऱ्यांना मिलची फाटकी पोती.
मल्लेशम विणकराचा, त्याचा हात म्हणजे धोटा,
गेला कधी आन् आला कधी, दिसायचं न्हाई.
पेठेतला गुरुपाद दांडू उगारायचा आणि आधी टोपी सावरायचा.
वामन कुंटेकडं पहिला झेल आला
तेव्हा त्यानं हात मागं घेतले.
चेंडू छातीवर बसला. पोरं हसली.
दुसरा त्यानं धरला.
सांजच्याला तळ्याच्या पायरीवर दिसला,
अंगातल्या कपड्यानिशी बुड्या मारताना.
पुढच्या शनिवारी परत आला, परत बुड्या.
तिसऱ्या शनिवारी अंधार पडला तरी
त्याचे केस कोरडे होते.

मी रेघेबाहेर बसायचो. रेघ कुणी आखली न्हवती.

एकदा चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला.
सगळी ओरडायला लागली, फेका, फेका!
मल्लेशम तिसऱ्या पोत्यावरनं सुटलेला, धुरळा नुसता,
आणि माझी नजर शिवणीवर गेली:
एक टाका ढिला.
तो ढिला कसा राहिला, ह्याच इचारात बसलो
अंगठ्यानं चाचपत.
मल्लेशम घरी पोचला. साहेबानं वहीत एक मांडला.
गुरुपाद मला काय काय बोलला, ते कानडीत होतं,
कळलं सगळं.

रात्री चिमणीच्या उजेडात टाका ओढून घेतला.
सकाळी साहेबाला दिला. त्यानं घोळवला,
नाकाशी नेला, डोळे मिटले,
आणि त्याच्या भाषेत बोलत राहिला,
किती तरी वेळ.

काय म्हणतात? मी इचारलं.
येसुदास म्हणाला, चांगला झालाय, म्हणतात.